इंजेक्शननंतरचा तास

१९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी त्यांना जे ग्लिसरॉल देण्यात आले त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाचा धांडोळा घेतला, १९८८ मध्ये अहवाल बाहेर आला आणि आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधामुळे दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. जवळजवळ चाळीस वर्षांनंतर विष तेच निघाले. दोन्ही वेळी वृत्तपत्रांत, विधिमंडळात आणि चहाच्या टपरीवरही एकच प्रश्न विचारला गेला : बाटलीत काय होते?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तथापि त्याच्या जोडीचा एक प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. बाटलीत लिहिले होते तेच औषध होते, ते शुद्ध होते, देणाऱ्याचा हेतूही चांगला होता आणि तरीही रुग्णाचा श्वास थांबला, अशा घटनेचे काय? तिच्यासाठी आयोग नेमला जात नाही. कारण तिचा पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. मृत्यूची नोंद मूळ आजाराच्या नावे होण्याचाच संभव अधिक असतो. गुंगी आणणाऱ्या आणि आकडी थांबविणाऱ्या इंजेक्शनांचा विचार या दृष्टीने करावयास हवा. भेसळ नसतानाही जिवावर बेतू शकणारी अशी रोजच्या वापरातली औषधे थोडी आहेत, आणि त्यांच्यावाचून कोणत्याही रुग्णालयाचा अपघात विभाग एक दिवसही चालू शकत नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने औषधांविषयी का बोलावे, असे कोणी म्हणेल. परंतु या औषधांची सुरक्षितता शेवटी ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांतील बहुतेक गोष्टी अर्थसंकल्पातून आणि निविदांतून ठरतात.

या औषधांचे कुटुंब तसे जुने. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. १९६३ मध्ये हॉफमन-ला रोश या कंपनीने डायझेपाम बाजारात आणले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते जगातील सर्वाधिक खपणाऱ्या औषधांपैकी एक झाले. आपल्याकडे ते 'काम्पोज' या नावाने मध्यमवर्गाच्या औषधांच्या डब्यात शिरले. लोराझेपाम आणि मिडाझोलॅम ही त्याचीच धाकटी भावंडे. गोळीच्या रूपात ही औषधे सवय लावतात आणि त्याविषयी बरेच लिहिलेही गेले आहे. इंजेक्शनच्या रूपातील त्यांचे सामर्थ्य मात्र निराळ्या प्रतीचे आहे. शिरेतून गेलेले औषध मिनिटा-दोन मिनिटांत मेंदूला शांत करते. आकडी थांबते, तडफडणारा माणूस निपचित होतो. परंतु मेंदूच्या ज्या सामान्य दबण्यामुळे आकडी थांबते, त्याच दबण्याने श्वसनाचे केंद्रही मंदावू शकते. पोटात दारू असेल किंवा वेदनाशामक म्हणून अफूच्या वर्गातील औषध आधी दिलेले असेल तर हा धोका कैक पटींनी वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या दोन वर्गांतील औषधे एकत्र देण्याविरुद्ध आपला सर्वांत कडक इशारा छापावयास लावला.

पनवेलकरांना हे दूरचे वाटू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग ज्या परिसरात एकमेकांना भेटतात, तेथे रात्री-अपरात्री आणला जाणारा जखमी हा नेहमीचाच देखावा होय. असा माणूस खाटेवर हातपाय झाडतो, ओरडतो, सुई काढून टाकतो. नातेवाईक आणि पोलीस दोघेही म्हणतात, "याला शांत करा." पण त्याची अस्वस्थता हे लक्षण असते. डोक्यात रक्तस्राव होत असेल, रक्तातील प्राणवायू कमी झाला असेल, साखर उतरली असेल, तरीही माणूस असाच तडफडतो. गुंगीचे इंजेक्शन ते लक्षण पुसून टाकते आणि कारण तसेच राहते. वॉर्ड शांत होतो, सर्वांना हायसे वाटते, आणि ज्या माणसाकडे आता सर्वाधिक लक्ष द्यावयास हवे त्याच्याकडेच कमीत कमी लक्ष जाते.

शांत झालेला रुग्ण आणि बरा झालेला रुग्ण यांतील हे अंतर ज्याने आपल्याच जिल्ह्यात ओळखले, त्या डॉक्टरांची कहाणी या संदर्भात आठवण्यासारखी आहे. १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. कोकणातील लाल विंचवाचा दंश म्हणजे तेव्हा अनेकदा मृत्यूच. रुग्ण घामाने निथळे, हातपाय गार पडत, रक्तदाब प्रथम भडके, मग हृदय थकून फुफ्फुसांत पाणी भरे. तडफड इतकी की त्याला झोपवावे असे कोणालाही वाटावे. आणि त्यासाठी एक मिश्रण वैद्यकशास्त्राच्या हाताशी होते. पेथिडीन, प्रोमेथाझीन व क्लोरप्रोमाझीन या तीन औषधांचे ते मिश्रण मूळ फ्रान्समधले. ते विंचूदंशावरही वापरले जाई. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशेजारी रात्री काढून जे टिपले त्याचे सार असे : विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर आघात करते, रुग्णाच्या गोंधळावर गुंगीचा पडदा टाकून ते थांबत नाही. उलट या मिश्रणाने श्वासाच्या संरक्षक प्रतिक्रिया दबतात. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये आली, १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनच्या वापराविषयी त्यांनी लिहिले. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. तीव्र दंशात शेकडा चाळीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कहाणीतील गोळीचे कौतुक पुष्कळ झाले. मला तिच्यातील खाटेशेजारच्या रात्री अधिक महत्त्वाच्या वाटतात. त्या रात्रींचा पगार कोणत्याही मथळ्याखाली मंजूर झालेला नव्हता. बिरवाडीत त्या घडल्या याचे श्रेय एका माणसाच्या स्वभावाला आहे, व्यवस्थेला नाही.

असाच दुसरा दाखला बाळंतिणीचा. गर्भारपणात रक्तदाब वाढून आकडी येणे हे आजही मातामृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक होय. वर सांगितलेले तीन औषधांचे मिश्रण याही रोगावर दीर्घकाळ वापरले गेले. मद्रासमध्ये त्याचा मोठा अनुभव घेतला गेला होता. पुढे काही ठिकाणी डायझेपाम तर काही ठिकाणी फेनिटॉइन रूढ झाले. कोणते चांगले याचे भांडण १९९५ मध्ये मिटले. भारतासह अनेक विकसनशील देशांतील सुमारे सतराशे स्त्रियांवर झालेल्या चाचणीत मॅग्नेशियम सल्फेट दिलेल्या स्त्रियांना पुन्हा आकडी येण्याचा धोका डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी, तर फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी आढळला. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे काही नवलाईचे रसायन नव्हे. काही रुपयांत मिळणारे ते एक मीठ आहे. केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी तर परिचारिकेला पहिली मात्रा स्नायूत देऊन मग रुग्णाला पुढे पाठविण्याची मुभा दिली. हा निर्णय शहाणपणाचा होता.

परंतु हे स्वस्त मीठही जास्त झाले तर श्वास थांबवते. म्हणून पुढची प्रत्येक मात्रा देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. गुडघ्यावर टिचकी मारली असता पाय उडतो का, मिनिटाला निदान सोळा श्वास चालू आहेत का, आणि मागच्या चार तासांत निदान शंभर मिलिलिटर लघवी झाली आहे का. जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी भरून ठेवावयाची असते, कारण ते त्याचे उतारा-औषध आहे. या तपासण्यांना यंत्र लागत नाही. लागतो तो एक प्रशिक्षित माणूस, जो त्या खाटेपाशी पुन्हा पुन्हा येऊ शकेल. ज्या वॉर्डात रात्रपाळीला एकच परिचारिका चाळीस रुग्णांना पाहते, तेथे काही रुपयांचे औषध उपलब्ध असूनही ते सुरक्षितपणे देता येत नाही.

अर्थशास्त्रात अशा वस्तूंना पूरक वस्तू म्हणतात. पेनाला शाई लागते तसा. गुंगीच्या इंजेक्शनला प्राणवायू, तोंडावर बसणारा मास्क आणि अँबू बॅग, घशातील लाळ ओढून घेणारे सक्शन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, रुग्णाचे वजन करण्याचा काटा आणि तासभर बघत बसणारा माणूस या पूरक वस्तू आहेत. पेन शाईविना निरुपयोगी ठरते, हे इंजेक्शन पूरक वस्तूंविना घातक ठरते, एवढाच फरक. आता आपल्या खरेदीची पद्धत पाहावी. औषधांच्या कुपीला किंमत आहे, निविदा आहे, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ठरविलेली कमाल किंमत आहे, साठ्याचे रजिस्टर आहे. परिचारिकेच्या तासाला यांपैकी काहीच नाही. रिक्त पद असले म्हणजे तो तास खरेदीच झालेला नसतो. तरीही तो नसल्याची नोंद औषध साठ्याच्या रजिस्टरात कोठेच उमटत नाही.

ज्या वर्षी डायझेपाम बाजारात आले त्याच १९६३ साली केनेथ ॲरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने वैद्यकीय सेवेच्या बाजाराविषयी एक प्रबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, या बाजारात गिऱ्हाइकाला आपण काय विकत घेतो आहोत हे कळतच नाही. तो विश्वासावर घेतो. गुंगीच्या इंजेक्शनाइतके याचे नेमके उदाहरण सापडणे कठीण. नातेवाइकाला दिसते ते फक्त रुग्णाचे शांत होणे. ते घडले की पैसे वसूल झाले अशी त्याची भावना होते. सुईखेरीज डॉक्टरांनी काही केले असे ज्या समाजाला वाटत नाही, त्या समाजात सुई टोचून शांतता देणाऱ्याचा दवाखाना चालतो आणि 'थांबा, आधी साखर तपासू' म्हणणारा मागे पडतो. विल्यम बॉमोल या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कारखान्यातील मालाचा उत्पादनखर्च यंत्रांमुळे उतरत जातो, परंतु ज्या कामात माणसाचा वेळ हेच उत्पादन असते तेथे खर्च उतरत नाही. मैफलीतील तबलजी दुप्पट वेगाने वाजवून अर्ध्या वेळात मैफल संपवू शकत नाही. खाटेशेजारी बसलेल्या सिस्टरचेही तसेच. इंजेक्शन दिवसेंदिवस स्वस्त होणार आणि त्यानंतरचा तास दिवसेंदिवस महाग. मग काटकसर कशावर होणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

हा केवळ गरीब देशांचा रोग आहे, असे मात्र कोणी समजू नये. मिडाझोलॅम अमेरिकेत १९८५ च्या अखेरीस संमत झाले. थोड्याच काळात श्वास थांबून मृत्यू झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या आणि १९८८ मध्ये तेथील काँग्रेसच्या समितीला चौकशी करावी लागली. शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ रुग्णाच्या उशाशी असतो. दुर्बिणीने पोट तपासण्यासारख्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या कामांत मात्र गुंगी देणारा आणि तपासणी करणारा डॉक्टर एकच होता, आणि त्याचे डोळे दुर्बिणीला लागलेले होते. अखेर 'जेथे श्वास व हृदय यांवर अखंड लक्ष ठेवण्याची सोय आहे तेथेच वापरावे' असा ठळक इशारा या औषधावर आला. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये तेथील रुग्ण-सुरक्षा यंत्रणेने चार वर्षांच्या नोंदी तपासल्या. मिडाझोलॅमची मात्रा चुकल्याच्या ४९८ घटना निघाल्या, त्यांत तीन मृत्यू होते. मोठे कारण अगदी साधे होते. एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम आणि एक मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेच्या कुप्या एकाच कपाटात होत्या. घाईत सिरिंज पूर्ण भरली जाई आणि पूर्ण रिकामी होई. उपाय असा काढला की, तीव्र कुप्या भूल विभाग, अतिदक्षता विभाग अशा मोजक्या ठिकाणीच ठेवाव्यात. त्याबरोबर आणखी एक चतुराईची सूचना होती. या औषधांचा परिणाम उलटविणारे फ्लुमाझेनिल किती वापरले गेले याची नियमित नोंद पाहावी, म्हणजे गुंगी जास्त झाल्याचे प्रसंग किती हे आपोआप कळेल. भारतातही मिडाझोलॅमच्या दोन्ही तीव्रता मिळतात. कोणती कोठे ठेवावी हा निर्णय कोणत्याही रुग्णालयाला एका दिवसात आणि एक पैसाही खर्च न करता घेता येईल.

पैशाने हा तास आपोआप विकत मिळतो असेही नाही. २००९ च्या जूनमध्ये मायकेल जॅक्सन या जगप्रसिद्ध गायकाचा मृत्यू झाला तेव्हा त्याच्या दिमतीला खास पगारी डॉक्टर होता. झोपेसाठी प्रोपोफॉल हे भुलीचे औषध आणि जोडीला लोराझेपाम व मिडाझोलॅम अशी इंजेक्शने त्याच्या शयनगृहात दिली जात होती. डॉक्टर खोलीबाहेर गेला होता. २०११ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरविले.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की ही औषधे कपाटात कुलूप लावून ठेवलेलीच बरी. हा निष्कर्ष पहिल्या चुकीइतकाच घातक ठरेल. आकडी पाच मिनिटांपेक्षा अधिक चालली तर ती आपोआप थांबण्याची शक्यता झपाट्याने घटते, आणि अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. सॅन फ्रान्सिस्को शहरात रुग्णवाहिकेत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची एक चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत आकडी थांबलेल्यांचे प्रमाण लोराझेपामने ५९ टक्के, डायझेपामने ४३ टक्के, आणि नुसत्या निष्क्रिय द्रावाने २१ टक्के भरले. हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते पुढचे. श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडल्याचे प्रसंग औषध दिलेल्यांत सुमारे साडेदहा टक्के होते, तर औषध न दिलेल्यांत बावीस टक्क्यांहून अधिक. म्हणजे ज्या भीतीने इंजेक्शन टाळले जाते, ती भीती टाळण्यानेच अधिक खरी ठरली. चालू राहिलेली आकडी स्वतःच श्वास कोंडते. मात्र ही चाचणी प्रशिक्षित माणूस आणि प्राणवायू बरोबर असलेल्या रुग्णवाहिकेत झाली होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे नेरे, वावंजे किंवा आपटा या बाजूच्या एखाद्या कातकरी पाड्यावर मुलाला आकडी आली तर काय होते? कोणी नाकाला कांदा लावतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी दातांत चमचा घालून दात पाडतो. मग वाहनाचा शोध. पावसाळ्यात रस्त्याची कथा निराळी सांगावयास नको. जवळच्या दवाखान्यात शीर सापडत नाही म्हणून पुष्कळदा डायझेपाम दंडात किंवा कुल्ल्यात टोचले जाते, आणि तेथे ते सावकाश व बेभरवशाने शोषले जाते. आकडी थांबत नाही म्हणून पुढच्या ठिकाणी पुन्हा मात्रा दिली जाते, आधीचीही तोवर रक्तात उतरू लागते, आणि दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आधी कोणी, काय, किती वाजता दिले याची चिठ्ठी रुग्णाबरोबर आली असती तर हे टळले असते. चिठ्ठीला कागदाचा चतकोर पुरतो.

शीर सापडत नसेल तर डायझेपाम गुदमार्गाने देता येते, हे जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षांपासून सांगत आहे. मिडाझोलॅमची गोष्ट आणखी सोयीची. ते पाण्यात विरघळते, म्हणून स्नायूतूनही लवकर शोषले जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रुग्णवाहिकेतील ८९३ रुग्णांपैकी निम्म्यांना स्नायूत मिडाझोलॅम व निम्म्यांना शिरेत लोराझेपाम दिले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत आकडी थांबल्याचे प्रमाण पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ६३ टक्के निघाले, आणि श्वासनलिकेत नळी घालण्याची पाळी दोन्ही गटांत जवळपास सारखीच आली. शीर शोधण्यात जाणारी मिनिटे वाचली, हेच त्याचे इंगित. लोराझेपामला शिवाय फ्रिज लागतो. वीज जाणाऱ्या आरोग्य केंद्रात आणि कोकणातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या रुग्णवाहिकेत त्याचे काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि बहुतेक राज्यांहून निराळे म्हणजे तिच्यात डॉक्टर ठेवण्यात आले. हा आपला मोठा लाभ आहे. त्या डॉक्टराच्या पेटीत कोणती कुपी आहे, किती तीव्रतेची आहे, आणि तिचा वापर तो मागे केव्हा शिकला, हे प्रश्न गाड्यांच्या संख्येपेक्षा कमी महत्त्वाचे नाहीत.

फेनिटॉइनविषयी थोडक्यात सांगतो, कारण हे औषध जुने आणि घराघरांत गोळीच्या रूपाने परिचित असल्यामुळे त्याचे इंजेक्शनही निरुपद्रवी समजले जाते. ते मिनिटाला पन्नास मिलिग्रॅमहून अधिक वेगाने देता कामा नये, नाहीतर रक्तदाब कोसळतो व हृदयाची लय बिघडते. म्हाताऱ्या माणसाला त्याहूनही सावकाश द्यावे लागते. ते ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळले तर त्याचे कण जमतात, म्हणून साध्या मिठाच्या सलाइनमध्येच मिसळावयाचे. शिरेबाहेर सांडले तर हात काळानिळा पडतो. एक ग्रॅम द्यावयाचे तर निदान वीस मिनिटे कोणीतरी तेथे उभे राहिले पाहिजे. पुन्हा तोच तास येथेही आडवा येतो.

कायद्याची बाजूही अशीच अर्धवट आहे. डायझेपाम आणि मिडाझोलॅम २०१४ पासून औषध नियमांच्या 'एच-१' या परिशिष्टात आहेत. विक्रेत्याने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण निराळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपावयाची असते. व्यसनासाठी होणारी विक्री रोखण्यास हे आवश्यकच होते. परंतु त्याचा एक परिणाम असा की, अपस्मार असलेल्या मुलाच्या घरी ठेवावयाचा मिडाझोलॅमचा नाकात मारण्याचा फवारा ठेवण्याची उठाठेव लहान विक्रेता करीत नाही. नोंदवहीचा त्रास त्याला, खप मात्र महिन्याला एखादाच. दुकानातून औषध कसे बाहेर पडते यावर कायद्याचा डोळा आहे, ते रुग्णालयात वा दवाखान्यात कसे दिले जाते यावर नाही. एच-१ ची वही भरलेली आहे का, हे पाहण्यास निरीक्षक येतो. अँबू बॅगेचे रबर चिरलेले नाही ना, हे पाहण्यास कोण येतो?

राज्याच्या औषधखरेदीचे काम आधी हाफकिन महामंडळाकडे होते. २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करण्यात आले. त्याच वर्षी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात अठ्ठेचाळीस तासांत एकतीस रुग्ण दगावले आणि औषधे होती की नव्हती यावर आठवडाभर वाद चालला. सरकारने तुटवडा नाकारला, विरोधकांनी तो ठासून सांगितला. परिचारिकांची व डॉक्टरांची रिक्त पदे हा विषय त्या गदारोळात आला खरा, पण दुय्यम म्हणून. नव्या प्राधिकरणाला एक काम सहज करता येईल. गुंगीच्या व आकडीच्या इंजेक्शनांची मागणी जे रुग्णालय नोंदविते, त्याने त्याच अर्जात चालू स्थितीतील ऑक्सिमीटर, अँबू बॅगा, सक्शन आणि रात्रपाळीला प्रत्यक्ष हजर असणाऱ्या परिचारिकांची संख्या लिहावी, असा नियम करावा. त्या आकड्यांवरून पुरवठा अडवू नये. तसे केल्यास गैरसोय रुग्णाचीच होईल. परंतु ते आकडे दर तिमाहीला जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत. एका कुपीमागे किती डोळे आहेत, हे करदात्याला निदान कळेल. सामान्य वॉर्डांसाठी मिडाझोलॅमची फक्त कमी तीव्रतेची कुपी खरेदी करणे, हा दुसरा निर्णय त्याच बैठकीत होऊ शकतो.

आणि शाळा. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे या सिडकोने वसविलेल्या वस्त्यांत शेकडो मुले एकेका शाळेत आहेत. त्यांत अपस्मार असलेले मूल असणारच, आणि बहुधा त्याच्या आईवडिलांनी ते लपविलेले असणार, कारण मुलीच्या लग्नापासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळे त्यामुळे अडते. शिक्षकाने इंजेक्शन द्यावे असे कोणीच म्हणत नाही. त्याने घड्याळ पाहावे, मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, भोवतीची गर्दी हटवावी. पाच मिनिटे उलटली तर १०८ ला दूरध्वनी करावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार पालकांनी फवारा शाळेत ठेवला असेल तर तो चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे नाकात मारावा, आणि किती वाजता मारला हे कागदावर लिहून मुलाच्या खिशात ठेवावे. पनवेलच्या महापालिकेकडे तिच्या स्थापनेपासून, म्हणजे २०१६ पासून, आरोग्य विभाग आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी तालुक्यातील शिक्षकांसाठी यावर अर्ध्या दिवसाचे शिबिर घेण्यास तिला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.